विटेची मर्जी

मुलाला नव्व्याण्णवच्या वर पर्सेंटाइल पडतं, मुलाखत पार पडते, पेढे वाटून होतात आणि जूनमध्ये आई-बाबा त्याला पोचवायला अहमदाबादला जातात. आयआयएमचं जुनं आवार पहिल्यांदा बघताना बाबांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याची दखल वास्तुकलेच्या एकाही ग्रंथाने घेतलेली नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघतात. मान वर करून आणखी बघतात. भिंतीला पाडलेल्या अजस्र गोल भोकातून पलीकडचं आकाश दिसतं, तेही बघतात. मग आईच्या कानाशी लागून म्हणतात, ‘‘एवढी फी घेतात, आणि गिलावा अजून राहिलाय.’’

आईने तोवर कपड्यांची दोरी कुठून कुठे बांधता येईल, हे हेरलेलं असतं.

गिलावा राहिलेला नाही. तो करायचाच नाही, असं साठ वर्षांपूर्वी ठरलं आणि ज्या माणसाने ते ठरवलं, त्याच्या भिंती बघायला आजही देशोदेशींचे वास्तुकलेचे विद्यार्थी येतात. त्यांना ओळखणं सोपं आहे. ते फाटकावर रीतसर परवानगी घेतात, आत आल्यावर पन्नास पावलं चालायला अर्धा तास लावतात, विटेवरून हात फिरवतात आणि ऊन कुठल्या कोनातून पडतंय त्याबद्दल आपसांत कुजबुजतात. त्याच भिंतीला खांदा घासत आवारातला विद्यार्थी धावत वर्गाकडे जातो. त्याने भिंत पाहिलेलीच नसते. त्याने रात्री तीन केस वाचलेल्या असतात, किंवा वाचलेल्या नसतात. धावण्याचा वेग दोन्ही परिस्थितींत सारखाच.

हे सगळं अहमदाबादेतच घडावं, याला कारण आहे. इथल्या गिरणीमालकांची गंमतच न्यारी. कापडाच्या वाराला दमडीचा हिशेब ठेवणारी ही मंडळी इमारत उभी करायची म्हटल्यावर थेट पॅरिसहून वास्तुकार ल कॉर्बुझिएला बोलावणं धाडत. त्याने १९५०च्या दशकात त्यांच्या संघाला इमारत बांधून दिली. साराभाईंच्या घराण्यासाठी एक बंगला बांधला, त्याच्या गच्चीवरून सरळ पोहण्याच्या तलावात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी आहे. व्यापारी माणसाने पैसे पाण्यात घालायचे ठरवले तर ते इतक्या उघडपणे घालावेत, हे अहमदाबादनेच दाखवून दिलं.

१९६१ साली विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई आदींच्या पुढाकाराने व्यवस्थापनाचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तेव्हा तिच्या आवारासाठी आधी नाव पुढे आलं ते बाळकृष्ण दोशींचं. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते पॅरिसला गेले, कॉर्बुझिएच्या हाताखाली काम केलं आणि अहमदाबादला स्थायिक झाले. त्यांनी या कामाचं काय केलं? हे काम फिलाडेल्फियाच्या लुई कान यांना द्या, असं सुचवलं. साठ-पासष्ट एकरांचं आवार, जन्मात एकदा चालून येणारं काम, आणि हा गृहस्थ दुसऱ्याचं नाव सांगतो! वास्तुकारांच्या व्यवसायात अशी उदाहरणं शोधायला दुर्बीण लागेल. पुढे २०१८मध्ये दोशींना वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलंच. ते त्यांच्या इमारतींसाठी मिळालं. मनाच्या मोठेपणासाठी वेगळं द्यायला हवं होतं.

कान आले १९६२मध्ये. वय एकसष्ट. एस्टोनियात जन्म, लहानपणीच अमेरिकेत स्थलांतर, बालपणी निखाऱ्याने चेहरा भाजलेला, नाव उशिरा झालेलं. बोलणं असं की, श्रोत्याला प्रत्येक शब्द कळावा आणि वाक्य निसटावं. शांतता आणि प्रकाश हे त्यांचे आवडते विषय. आता गंमत अशी की, ज्या संस्थेत पुढे नफा, बाजारपेठ आणि रोकड प्रवाह शिकवायचा होता, तिच्या भिंती ठरवायला शांतता आणि प्रकाश यांवर बोलणारा माणूस आणला गेला. शिवाय हिशेबाच्या बाबतीत हा माणूस इतका कच्चा की, तो गेला तेव्हा त्याच्या कार्यालयावर लाखो डॉलरांचं कर्ज होतं. कर्ज कसं वाढलं, यावर त्याच्याच बांधलेल्या वर्गात एक उत्तम केस शिकवता येईल.

कान यांची जगप्रसिद्ध गोष्ट विटेची आहे. विटेला विचारावं, बाई गं, तुला काय व्हायचंय? वीट म्हणते, मला कमान आवडते. तिला समजावावं की, कमान महाग पडते, त्यापेक्षा दारावर काँक्रीटचं लिंटेल टाकून भागतं. तरी वीट म्हणते, मला कमानच आवडते. ही गोष्ट ते विद्यार्थ्यांना सांगत आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून घेत. महाराष्ट्राला विटेचं महत्त्व कुणी सांगायला नको, पंढरपुरात साक्षात देव एका विटेवर उभा आहे. पण पुंडलिकाने ती भिरकावण्याआधी तिचं मत घेतल्याचं कुठे ऐकिवात नाही. कान यांनी घेतलं, आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं.

विटेला लाडावून ठेवलं म्हणावं, तर तसंही नाही. कमानीचा स्वभाव दोन्ही बाजूंना भिंत रेटण्याचा. जुने गवंडी त्यासाठी बाजूच्या भिंती जाड करत. कान यांनी कमान बरीच चपटी केली आणि तिच्या पायथ्याशी काँक्रीटची आडवी तुळई टाकून दोन्ही टोकं बांधून टाकली. विटेला कमान मिळाली, काँक्रीटला काम मिळालं. सिमेंट आणि लोखंडाच्या टंचाईचे ते दिवस होते, वीट गावातच भाजून मिळत होती आणि ती रचणारे हात अहमदाबादेत होते, हा व्यवहारी भागही आहेच. गोल भोकांचा हिशेबही नुसत्या शोभेचा नाही. वर सरळ कमान, खाली तीच उलटी, आणि हा उलटा भाग भूकंपाच्या वेळी भिंतीला धरून ठेवील, असं गणित होतं.

भोकांना काच नाही, चौकट नाही, पडदा लावायची सोय नाही. अहमदाबादचं ऊन थेट खोलीवर येऊ नये म्हणून बाहेर एक भिंत, मग सावलीची पोकळी, मग आतली खोली, अशी ही रचना. इमारतीभोवती जणू अवशेष गुंडाळायचे, अशा अर्थाचं कान बोलत असत. म्हणजे बाबांना जे बांधकाम अपुरं वाटलं, ते करणाऱ्याच्या मनात पडझडीनंतरचं होतं. ‘काम पूर्ण झालं’ हा मधला टप्पा दोघांनीही गाळला.

शाळा सुरू कशी झाली, याचीही कान यांची एक आवडती कल्पना होती. एका झाडाखाली एक माणूस चार जणांशी बोलत बसला. आपण शिक्षक आहोत हे त्याला माहीत नव्हतं आणि आपण विद्यार्थी आहोत हे त्या चौघांना. आयआयएममध्ये झाडाखाली बसायची सोय भरपूर आहे. मात्र आपण विद्यार्थी आहोत हे विसरायची सोय पहिल्या वर्षी तरी कुणी ठेवलेली नाही. अभ्यासक्रम हार्वर्डच्या मदतीने आखलेला, शिकवणं केस पद्धतीचं. वर्ग अर्धगोलात पायऱ्यापायऱ्यांचे, सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतील असे. तोंडं दिसणं आवश्यकच, कारण वर्गात बोलण्याला गुण असतात. त्याला इथे ‘सीपी’ म्हणतात, क्लास पार्टिसिपेशन. सांगण्यासारखं काही असो वा नसो, हात वर गेला पाहिजे आणि तोंड उघडलं पाहिजे. हर्षा भोगले या संस्थेतून बाहेर पडले, हे कळलं की पाच दिवसांच्या कसोटीत पाऊस पडत असताना माणूस इतकं नीटस कसं बोलू शकतो, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मिळतं.

वर्गांना जोडणारे रस्ते कान यांनी ऐसपैस ठेवले. वर्गात जितकं शिकायचं तितकंच वर्गाबाहेर उभं राहून, हा विचार. तो मात्र शंभर टक्के खरा ठरला. वर्गात प्राध्यापकांना जे कळू द्यायचं नसतं, ते सगळं इथेच एकमेकांना समजावून सांगितलं जातं.

अठरा वसतिगृहं हा या आवाराचा जीव. त्यांना हॉस्टेल म्हटलं की माजी विद्यार्थी दुखावतात, ते ‘डॉर्म’. नावंही झाडाफुलांची नाहीत की नद्यांची नाहीत. नुसते आकडे, डी अमुक, डी तमुक. तीस वर्षांनी भेटलेले दोन कंपनीप्रमुख एकमेकांना आधी डॉर्मचा नंबर विचारतात, मग पगाराचा अंदाज घेतात. लांबलचक कॉरिडॉर आणि दुतर्फा खोल्या, हा आपल्याकडचा सरकारी इस्पितळी नमुना कान यांनी टाळला. मध्ये सामायिक जागा, भोवती खोल्या आणि मजल्यावर चहासाठी एक खोली. मुलांनी अभ्यासातून डोकं काढावं, चहा करावा, आयुष्याबद्दल बोलावं. मुलांनी चहा केला. आयुष्याबद्दलही बोलली, पण रात्री दोनला, आणि मुख्यतः प्लेसमेंटच्या अनुषंगाने. पहिल्या वर्षाला ‘फच्चा’ आणि दुसऱ्या वर्षाला ‘तुच्चा’ म्हणायची इथली परंपरा. लेखी विश्लेषणाचा ‘वॅक’ नावाचा एक विषय असतो, त्याचा अहवाल घड्याळाच्या काट्यावर पोचवण्यासाठी होणारी पळापळ कित्येक पिढ्यांच्या स्वप्नात अजून येते. त्या क्षणी कुठल्या कमानीखालून पळालो, हे कुणालाच आठवत नाही.

मूळ नकाशात डॉर्म आणि प्राध्यापकांची घरं यांच्या मध्ये चक्क तळं होतं. गुरू-शिष्यांत थोडं अंतर असावं, पण ते भिंतीचं नसावं, पाण्याचं असावं. कल्पना किती देखणी! तळ्याच्या दिशेला असलेल्या डॉर्मच्या भिंती त्या हिशेबाने भारदस्त केल्या, पाण्यात पाय रोवून उभ्या असल्यासारख्या. मग कुणीतरी डासांचा विषय काढला. खर्चाचाही निघालाच असेल, पण मलेरियापुढे तोही फिका. तळं रद्द झालं आणि त्याच्या जागी हिरवळ आली. जगातल्या नामांकित वास्तुकाराची रेघ पुसून टाकण्याचा मान अहमदाबादेत एखाद्या मंत्र्याला नाही, डासाला मिळाला. भिंती मात्र आजही न आलेल्या पाण्याची वाट बघत उभ्या आहेत.

मधला चौक म्हणजे लुई कान प्लाझा, बोलण्यात ‘एलकेपी’. तीन बाजूंनी वर्ग, कार्यालयं आणि विक्रम साराभाई ग्रंथालय. वर चढून येणाऱ्या रुंद पायऱ्यांना हार्वर्ड स्टेप्स म्हणतात. पदवीदान समारंभ याच चौकातल्या हिरवळीवर होतो. फोटोही इथलेच. हिंदी चित्रपटालाही या विटा भावल्या. ‘टू स्टेट्स’चं काही चित्रीकरण इथे झालं, २०१४ साली तो पडद्यावर आला, आणि या संस्थेत अभ्यासापेक्षा प्रेमाला जास्त वेळ मिळतो, असा देशभर समज पसरला. मूळ कादंबरी लिहिणारे चेतन भगत इथलेच विद्यार्थी असल्यामुळे खोडून काढायला कुणाला तोंड राहिलं नाही.

कान यांना हे आवार पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. एकीकडे ढाक्याचं संसदभवन, दुसरीकडे अहमदाबाद, अशा त्यांच्या खेपा दहा-बारा वर्षं चालू होत्या. अशाच एका खेपेहून परतताना १७ मार्च १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर ते हृदयविकाराने गेले, आणि घरच्यांना पत्ता लागेपर्यंत शव दोन-तीन दिवस पडून होतं. राहिलेलं काम ज्यांच्याकडे आलं, ते अनंत राजे जे. जे.चे विद्यार्थी आणि फिलाडेल्फियात कान यांच्या हाताखाली घडलेले. भोजनगृह, मॅनेजमेंट डेव्हलपमेंट सेंटर, रवी मथाई केंद्र हे सगळं राजे यांचं. गुरूच्या इमारतीशेजारी इमारत बांधायची आणि ती नक्कलही वाटू नये नि उद्धटही वाटू नये, हे काम करणाऱ्यालाच ठाऊक. पर्यटक ती ‘कान यांचीच’ म्हणून फोटो काढतात. राजे यांच्या वाट्याला आलेली दाद ती एवढीच, आणि तशी बघितली तर फार मोठी.

आता विटेची दुसरी बाजू. उघड्या विटेला पाऊस थेट भेटतो. गुजरातचा पावसाळा कोकणासारखा नसला, तरी वीट फुगायला आणि भिंतीला लोणा लागायला पुरेसा आहे. भूकंपाच्या भीतीने भिंतीत घातलेल्या लोखंडी सळ्या गंजल्या, फुगल्या आणि त्यांनी आतूनच विटा फोडायला सुरुवात केली. म्हणजे ज्याच्या आधाराने उभं राहायचं, त्यानेच पोखरायचं. संस्थेत संघटनेतील वर्तन हा विषय शिकवतात, त्यात हे बसू शकेल. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने तडे वाढले. तज्ज्ञांच्या अहवालांचा हवाला देत पुढे जी कारणं जाहीर झाली, त्यांत वापरलेल्या विटा दुसऱ्या वर्गाच्या असल्याचंही एक होतं. पर्सेंटाइलचा एक दशांश कमी पडला म्हणून मुलांना दारातून परत पाठवणाऱ्या संस्थेत भिंतीच्या भिंती सेकंड क्लास निघाव्यात, आणि त्यांना पन्नास वर्षं कुणी प्रवेश-परीक्षा विचारू नये!

दुरुस्ती झालीच नाही असं नव्हे. मुंबईच्या बृंदा सोमाया यांच्या कार्यालयाने ग्रंथालयाची डागडुजी इतकी काळजीपूर्वक केली की, २०१९ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे वरून रंग मारणं. इथे रंग नाही, गिलावा नाही, झाकायला काहीच नाही; गवंड्याने चूक केली तर ती पुढची पन्नास वर्षं सगळ्यांना दिसणार. अशा कामाला पुरस्कार मिळाला, टाळ्या झाल्या.

आणि बरोबर पुढच्याच वर्षी, २०२०च्या डिसेंबरात, संस्थेने जाहीर केलं की अठरापैकी चौदा डॉर्म पाडायचे.

मग जो गदारोळ झाला, तसा अहमदाबादच्या विटेने कधी पाहिला नसेल. कान यांच्या तिन्ही मुलांनी पत्रं लिहिली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने लिहिलं. वास्तुकलेच्या प्राध्यापकांनी, समीक्षकांनी, संग्रहालयांतल्या अभ्यासकांनी लिहिलं. ऑनलाइन निवेदनांवर हजारोंनी सह्या पडल्या. संस्थेचं म्हणणंही अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. छताचे तुकडे पडतात, राहणाऱ्यांना धोका आहे, आजच्या मुलांच्या गरजा वेगळ्या आहेत. पण या भांडणात एक बाजू खोलीत राहणाऱ्यांची आणि दुसरी फोटोत राहणाऱ्यांची, आणि फोटोत राहणाऱ्यांची संख्या जगभर जास्त. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी २०२१ला, निर्णय मागे घेतला गेला.

विषय अर्थात मिटला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये संस्थेने पुन्हा पत्र काढलं: दुरुस्ती करून भागत नाही, काही डॉर्म, वर्ग आणि प्राध्यापकांच्या खोल्यांच्या इमारती नव्याने बांधाव्या लागतील, डॉर्म बाहेरून तसेच दिसतील, आतून बदलतील. रस्त्यापलीकडे नवं आवार आहेच, बिमल पटेल यांच्या कार्यालयाने उघड्या काँक्रीटमध्ये बांधलेलं, भुयारी मार्गाने जुन्याला जोडलेलं. कान यांनी मुलांना काय हवं ते मुलांना विचारलं नाही, विटेला विचारलं, ही तक्रार खरी आहे. पण मुलांना विचारलं असतं, तर त्यांनी १९६२ साली पंखा मागितला असता आणि आज वायफाय. त्यावरून कमान सुचणं कठीणच.

२०२०च्या त्या गदारोळात सह्या करणाऱ्यांत माजी विद्यार्थीही होते. त्यांतला एक डोळ्यांसमोर आणून बघावा. सिंगापुरात तेविसाव्या मजल्यावर राहणारा, पन्नाशीचा, मोठ्या बँकेतला. रात्री जेवण झाल्यावर तो लॅपटॉपवर निवेदन उघडतो, दोनदा वाचतो, सही करतो आणि खाली डॉर्मचा नंबर टाकतो. मग जरा वेळ जुन्या फोटोंत हरवतो. बायको मागून डोकावते.

‘‘हीच ना ती तुझी खोली? पावसाळ्यात गळायची म्हणून गादी इकडून तिकडे सरकवत बसायचास, ती?’’

‘‘हो. गळायची ना.’’

‘‘मग पाडतायत तर पाडू देत की.’’

‘‘अगं, गळायची,’’ तो म्हणतो, ‘‘पण कमानीतून गळायची.’’